उचल आणि भरणा

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे उधना–जळगाव लोहमार्गावरचे गाव सहकारी साखर कारखान्यासाठी ओळखले जाते, आणि शेजारच्या कडोदरा–पलसाणा पट्ट्यात कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या असल्यामुळे खानदेशातून रोजगारासाठी आलेली मराठी कुटुंबे या परिसरात, तसेच सुरत शहरातील उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मोठ्या संख्येने राहतात. येथील कमाईचा उगम डोळ्यांना दिसतो : उसाची साखर होते, सुताचे कापड होते, आणि त्या मालाच्या विक्रीतून मजुरी निघते. मोबाइलवर येणाऱ्या झटपट कमाईच्या प्रस्तावांत नेमका हा उगमच दिसत नाही. म्हणून ‘हा पैसा येतो कोठून’ आणि ‘आधी पैसे कोण देतो’ हे दोन प्रश्न अशा फसवणुकीविरुद्ध सामान्य माणसाच्या हातातील सर्वांत खात्रीचे साधन ठरतात.

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ ऊसतोडीच्या व्यवहारावरून स्पष्ट होतो. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून व डांगातून येणाऱ्या तोडणी मजुरांना मुकादम हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ही प्रथा मजुराला कर्जात अडकवते हे खरे असले, तरी तिच्यात पैसा ज्या दिशेने जातो ती दिशा कामाच्या रीतीला धरूनच आहे; ज्याला काम करून हवे तो पैसे देतो आणि ज्याला काम करायचे तो ते घेतो. ऑनलाइन फसवणुकीत हीच दिशा उलटते, आणि नोंदणी शुल्क, अनामत, ‘प्रीपेड टास्क’, कर अशा नावांनी काम मागणाऱ्याकडूनच भरणा करून घेतला जातो.

‘घरबसल्या कमाई’ हे शब्द सुरतेत संशयास्पद वाटत नाहीत, कारण साड्यांना लेस व खडे लावण्याचे काम येथील अनेक स्त्रिया खरोखरच घरी बसून नगावर करतात. या ओळखीच्या सवयीचाच ‘टास्क’ फसवणुकीत गैरफायदा घेतला जातो. व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो, हॉटेलला तारांकन देण्याचे किंवा यूट्यूबवरील चित्रफितीला ‘लाइक’ करण्याचे काम सांगितले जाते, आणि पहिल्या दोन-तीन कामांचे शे-दीडशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात. त्यानंतर टेलिग्रामवरील गटात सामील करून घेतले जाते. तेथे इतर सदस्य आपल्या नफ्याची छायाचित्रे टाकत असतात, परंतु ते बहुधा टोळीचेच हस्तक असतात. पुढे हजार रुपये भरल्यास तेराशे मिळतात, मग पाच हजारांचे, मग पन्नास हजारांचे काम येते, आणि बनावट संकेतस्थळावर वाढत जाणारी शिल्लक दिसत राहते. ती काढू पाहताच ‘काम चुकले, दंड भरा’, ‘आधी कर भरा’ असे सांगून नवा भरणा मागितला जातो, आणि अडकलेली रक्कम सुटावी या आशेने माणूस उसनवारी करून तो भरतो. सुरुवातीला मिळालेले शे-दीडशे रुपये म्हणजे मजुरी नसून गळाला लावलेले आमिष असते. त्यामुळे ‘पैसे मिळाले होते’ ही गोष्ट योजना खरी असल्याचा पुरावा ठरत नाही.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर कशी चालते, हे सुरतेशी निगडित ‘बिटकनेक्ट’ प्रकरणावरून कळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आभासी चलन गुंतवल्यास स्वयंचलित संगणकप्रणाली खरेदी-विक्री करून महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परतावा मिळवून देईल, असे सांगितले जात होते. महिन्याला ४० टक्के हा दर चक्रवाढीने मांडला, तर एक लाख रुपयांचे एका वर्षात सुमारे ५७ लाख आणि दोन वर्षांत ३२ कोटी व्हायला हवेत. कोणत्याही प्रामाणिक धंद्यात असे घडत नाही, हे कागदावर दोन ओळींचे गणित करूनही समजले असते. जानेवारी २०१८ मध्ये ही योजना बंद पडली आणि तिचे चलन कोसळले. अमेरिकेच्या न्याय विभागाने या व्यवहाराची व्याप्ती सुमारे २४० कोटी डॉलर असल्याचे सांगून फेब्रुवारी २०२२ मध्ये संस्थापक सतीश कुंभाणी याच्यावर आरोपपत्र दाखल केले, तर भारतात सक्तवसुली संचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या अशा रचनेला, १९२० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे गाजलेल्या चार्ल्स पाँझी याच्यावरून, पाँझी योजना म्हणतात. तिच्यात नवे लोक येणे थांबले की पैसा संपतो, कारण तिला दुसरा उगमच नसतो.

या साखळीतील आणखी एक कडी कष्टकरी वस्त्यांपर्यंत पोहोचते. लुटलेला पैसा फिरवण्यासाठी टोळ्यांना इतरांची बँक खाती हवी असतात, म्हणून काही हजार रुपयांच्या बदल्यात पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याशी जोडलेले सिमकार्ड मागितले जाते. खाते असे भाड्याने देणारा तरुण स्वतः कोणालाही फसवत नसला, तरी पैसा त्याच्या नावे जमा झालेला असल्याने पोलीस प्रथम त्याच्याच दारात येतात. आपल्या खात्याची गुरुकिल्ली थोड्या पैशांसाठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे घरातील मोठ्यांनी तरुणांना स्पष्ट शब्दांत सांगणे अत्यंत गरजेचे आहे.

बचावाचे नियम थोडे आहेत. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितले, तर पैसे जाणार आहेत असे समजावे. संदेशातून आलेली एपीके फाइल, म्हणजे अधिकृत दालनाबाहेरून फोनमध्ये घालायचे ॲप, उघडू नये. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावी, आणि ठेवी गोळा करणाऱ्या संस्थेविषयी शंका आल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर चौकशी अथवा तक्रार करावी.

तरीही फसगत झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ फोन करणे ही पहिली गोष्ट होय. तेथे नोंदलेली तक्रार संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तो जेथे असेल तेथे गोठवता येतो. म्हणूनच उशीर झालेल्या प्रत्येक तासागणिक तो परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. खाते जळगावचे आणि राहणे चलथाणचे, म्हणून तक्रार कोठे करावी असा पेच पडण्याचे कारण नाही, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा हद्दीबाहेरचा असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती नोंदवता येते.

प्रत्यक्षात उशीर बहुतेक वेळा लाजेमुळे होतो. गावाकडे पाठवायचे पैसे गेले हे नवऱ्याला, बायकोला किंवा वडिलांना कसे सांगावे, या विचारात मोलाची पहिली रात्र निघून जाते, आणि फसवणाऱ्यांना तेवढाच अवधी हवा असतो. म्हणून घरात कोणी अशी गोष्ट सांगितली, तर आधी त्याला बोल न लावता त्याच्यासमोरच १९३० हा क्रमांक लावावा. कष्टाचा पैसा परत येण्याची वाट याच पहिल्या फोनपासून सुरू होते.