बांधावरच्या वेलींचा चीक

बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यात केळीची पिले कापायला जाणाऱ्याचे कपडे वेगळे ठेवलेले असतात. केळीच्या चिकाचा डाग पडला की कापड विरेपर्यंत तो जात नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पण चीक ही काही एकट्या केळीची मिरास नाही. त्याच बागेच्या बांधावर, बाभळीच्या कुंपणावर चढलेली उतरण किंवा हरणदोडी पाहा. पान खुडले की देठातून दुधासारखा थेंब लगेच वर येतो. हा थेंब येतो कुठून, आणि वेलीला त्याचा उपयोग काय?

गाय व्याल्यावरच्या पहिल्या दुधालाही आपण चीकच म्हणतो. त्याचा खरवस होतो, वासराचे ते पहिले अन्न. या शब्दामुळे वेलीचा चीकही अन्नच असावे असा आपला समज होतो. तसे नाही. वेलीचे अन्न वेगळ्या नळ्यांतून वाहते. चीक त्या नळ्यांच्या आसपास, पण स्वतःच्या बंद नलिकांत कोंडलेला असतो, तोही दाबाखाली. म्हणून तर नखाने टोचताच तो बाहेर उसळतो, हवा लागताच घट्ट होतो आणि जखम बुजवतो.

या नलिकांची रचना मोठी नवलाची आहे. एका प्रकारात बी रुजण्याआधीच, गर्भात, मोजक्या पेशी या कामासाठी ठरून जातात. पुढे वेल वाढते तशा त्याही वाढत जातात, शेजारच्या पेशींच्या फटींतून टोक खुपसत, फांद्या फोडत. आत केंद्रके वाढत राहतात, पण मध्ये भिंत पडत नाही. एकच पेशी खोडभर पसरते! दुसऱ्या प्रकारात अनेक पेशी ओळीने उभ्या राहतात आणि मधल्या भिंती विरघळून सलग नळी तयार होते. केळी, पपई आणि रबराच्या झाडात हीच तऱ्हा. उपवासाचे रताळे चिरताना कापावर पांढरे ठिपके उमटतात, ते तिसऱ्या तऱ्हेचे. तिथे पेशी ओळीत असतात, पण भिंती शाबूत राहतात. रताळे हाही वेलच, गारवेल आणि समुद्रशोक त्याचे भाऊबंद.

उतरण, हरणदोडी, उपळसरी ही मंडळी रुईच्या कुळातली. या कुळात पहिलाच प्रकार असतो असे जुनी पुस्तके सांगत. 2006 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी याच कुळातल्या काही वनस्पतींत पेशी जोडून झालेल्या नळ्या दाखवल्या. पक्व नळी पाहून फरक कळत नाही, तिची सुरुवात कोंबाच्या टोकाशी शोधावी लागते.

वेलीला चिकाचे महत्त्व अधिक असावे, असे तिचे खोड पाहिले की वाटते. वृक्ष जाड लाकूड आणि साल यांवर खर्च करतो, तर वेल लांबीवर. बोटाएवढ्या खोडावर कितीतरी हात लांब पानोरा लटकलेला. ते एका जागी कुरतडले गेले की पुढचे सगळे वाळले. अर्थात, चढते म्हणून चीक आला असे मात्र नाही. कारल्याला चीक नाही, तिथे कडूपणा राखण करतो. गुळवेलीलाही नाही. ती तर तोडून झाडावर टाकली तरी हवेत मुळे सोडून पुन्हा जगते. उलट रुई चढत नाही, तरी चिकाने भरलेली. म्हणजे हा वारसा कुळाचा आहे. चाळीसहून अधिक कुळांतल्या सुमारे 20,000 वनस्पतींना चीक आहे आणि तो एकमेकांशी संबंध नसताना वेगवेगळ्या वेळी उपजला आहे.

शत्रूही स्वस्थ बसलेला नाही. चीक येणारे पान खाण्याआधी काही अळ्या त्याची शीर कुरतडतात, चीक तिथेच वाहून जातो आणि पुढचा भाग त्या निवांत खातात. अमेरिकेतल्या डसूर्ड आणि आइस्नर यांनी 1987 मध्ये हे नेमके मांडले. आपल्याकडे उतरणीवर आणि रुईवर दिसणारी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी याच वंशातली. तिचे नारिंगी फुलपाखरू आपण नेहमी पाहतो. गंमत अशी की हळदीकुंकवाच्या झुडपाच्या कुळबंधूंवर 2008 मध्ये जो अभ्यास झाला, त्यात उत्क्रांतीच्या ओघात चीक कमी आणि खाल्ल्यावर पुन्हा फुटण्याची ताकद जास्त, असा कल दिसला. शत्रूने कुलूप उघडायला शिकल्यावर कुलपावर खर्च कशाला?

आता बांधांवर काटेरी तार येते, तणनाशकाचा पंप फिरतो आणि उतरण-हरणदोडी पहिल्या जातात. हरणदोडीवर निळ्या पट्टेरी फुलपाखरांची पिढी वाढते. ती दुसऱ्या कुठल्याही झाडावर वाढत नाही असे नाही, पण केळीवर नक्कीच नाही. पिकाला अडचण नसेल तिथे या वेली राहू द्याव्यात, असे आमचे मत.

वेल काढायचीच झाली तर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, मुलांना तर जवळही येऊ देऊ नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर सुरुवातीला फारसे दुखत नाही, पण बुबुळाला सूज येऊन दिसणे धूसर होते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डॉक्टर गाठावा.

एक वेल मात्र वाढू देऊ नये. मोठ्या जांभळट घंटेसारख्या फुलांची, जोडीने येणाऱ्या टणक, कंगोरेदार शेंगांची रबरवेल. ही मूळची मादागास्करची. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेने हैती देशात तिची प्रचंड लागवड केली आणि 1944 मध्ये नाद सोडला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नदीकाठची झाडे तिने झाकून टाकली आहेत. उतरणीची शेंग मऊ काट्यांची, केसाळ असते, त्यामुळे ओळखण्यात घोटाळा होत नाही.