पूर्व किनाऱ्याच्याच नशिबी वादळ का?

दसरा-दिवाळीचे दिवस आले, की आमच्या घरी एक संवाद हटकून घडतो. आम्ही गोव्यात आणि धाकटी बहीण हैदराबादेत. सणानिमित्त दूरध्वनीवर बोलणे होते आणि ती सांगते, "आंध्रच्या किनाऱ्यावर पुन्हा वादळ येते आहे म्हणे, आता दोन दिवस पाऊस काही थांबायचा नाही." त्यावर आमच्या मातोश्रींचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं, समुद्र आमच्या दारात आणि वादळ मात्र तुझ्याकडे, हे कसे?"

प्रश्न घरगुती असला, तरी उत्तर शोधू जाता बरेच दूर जावे लागते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र ही भावंडेच. दोघांवर तळपणारा सूर्य एक, अक्षांश तेच, मध्ये आडवी आलेली भूमी तेवढी आपली. असे असूनही या दोन समुद्रांत मिळून वर्षाकाठी सरासरी जी पाचएक चक्रीवादळे होतात, त्यांपैकी चार उपसागरात आणि जेमतेम एक अरबी समुद्रात, असा जुना हिशेब आहे.

चक्रीवादळाचे अन्न म्हणजे ऊन पाणी. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर हवे आणि ती ऊब काही खोलीपर्यंत पोहोचलेली हवी. कारण वादळ स्वतःच समुद्र घुसळते आणि खालचे गार पाणी वर आले, की त्याची शक्ती ओसरते. येथे उपसागराच्या मदतीला नद्या धावून येतात. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी आणि ब्रह्मदेशाची इरावती आपले अफाट गोडे पाणी त्यात ओततात. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. दुधावर जाड साय धरली, की खालचे-वरचे सहज मिसळत नाही, तसाच हा प्रकार. वरचा थर तापलेला तो तापलेलाच राहतो. अरबी समुद्राला अशी साय लाभलेली नाही. उलट, नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांलगतचे पाणी दूर लोटतात, त्या जागी तळचे थंड पाणी वर येते आणि पावसाळा सरतो तेव्हा हा समुद्र पुष्कळसा निवलेला असतो. शिवाय पॅसिफिककडून निघून थायलंडची भूमी ओलांडून आलेल्या विझत्या वादळांचे अवशेष उपसागरात उतरतात आणि तेथे पुन्हा जीव धरतात. अरबी समुद्राला असे आयते बीज फारसे मिळत नाही.

पुष्कळांची समजूत असते, की आषाढ-श्रावणात दर्या खवळतो, तेव्हा चक्रीवादळेही त्याच दिवसांत होत असावीत. प्रत्यक्षात ते महिने त्यांना मानवत नाहीत. देवघरात उदबत्तीचा धूर कसा सरळ वर जातो. खिडकी उघडली, की त्याचा खांब मोडतो. पावसाळ्यात खाली पश्चिमेचे जोरकस वारे आणि वर, आकाशात उंचावर, पूर्वेचे तितकेच वेगवान वारे वाहतात. या ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. म्हणून त्यांचे हंगाम दोन : पावसाळ्याआधीचा चैत्र-वैशाखाचा आणि नंतरचा आश्विन-कार्तिकाचा.

परंतु वादळ जन्मले कोठे, एवढ्यावर किनाऱ्याचे नशीब ठरत नाही. ते गेले कोणीकडे, हेही पाहावे लागते. वादळाला स्वतःची दिशा जवळजवळ नसते. ओढ्यात पडलेल्या पानासारखे ते भोवतालच्या वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि उष्ण कटिबंधात हा वारा बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो. आता नकाशा पाहावा. आपला पूर्व किनारा हा बंगालच्या उपसागराचा पश्चिम काठ आहे. कोकण आणि गोवा हा अरबी समुद्राचा पूर्व काठ. उपसागरातले वादळ पश्चिमेकडे निघाले, की समोर तमिळनाडू, आंध्र, ओडिशा उभेच असतात. अरबी समुद्रातले वादळ पश्चिमेकडे निघाले, की आपल्याकडे पाठ फिरवून ओमान-येमेनची वाट धरते. मातोश्रींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या काठांच्या भेदात आहे.

हाच नियम अमेरिकेत पाहावा. फ्लॉरिडा अटलांटिकच्या पश्चिम काठावर. १८५१ पासूनच्या नोंदींत त्यावर शंभराहून अधिक हरिकेन आदळल्याचे दिसते. कॅलिफोर्निया पॅसिफिकच्या पूर्व काठावर, तेथील पाणीही थंड. १८५८ साली सॅन डिएगोजवळून गेलेले एक वादळ सोडले, तर त्या जोराचे दुसरे तेथे नोंदलेले नाही. नियमाला अपवाद आहेतच. वादळे कधी वाटेत उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे वळतात. २००८ च्या मे महिन्यात 'नर्गिस' असेच पूर्वेकडे जाऊन ब्रह्मदेशावर कोसळले आणि लाखावर माणसे गेली.

संख्येपेक्षा भयंकर असते ते उधाण. उपसागर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ होत जातो. वाऱ्याने लोटलेल्या पाण्याला पसरायला जागा नसते, ते किनाऱ्यावर चढते. १९७० च्या नोव्हेंबरात आजच्या बांगलादेशात एका रात्रीत किमान तीन लाख लोक मृत्युमुखी पडले. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमेत जे घडले, ते हैदराबादच्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. तेथील बळी दहा हजारांच्या घरात होते.

'सायक्लोन' हा शब्दही याच उपसागराच्या काठी जन्मला. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन या एकेकाळच्या दर्यावर्द्याने तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून घडवला. मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून बजावले, की वादळाचे उधाण एके दिवशी हे सारे बुडवील. त्याचे कोणी ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८६७ च्या वादळाने त्याची दैना केली आणि काही वर्षांत ते सोडून द्यावे लागले. पिडिंग्टन तोवर हयात नव्हता.

त्याच काठावर पुढे माणसाने ऐकायला शिकल्याचेही दिसते. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशात सुमारे दहा हजार बळी गेले. २०१३ च्या 'फायलिन'च्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवल्याने मृतांचा आकडा काही दहांवर थांबला.

आपल्या पश्चिम किनाऱ्याला मात्र या शिक्षणाची सवय नाही. जून १९९८ मध्ये कांडल्याला हजारावर माणसे गेली, ती बहुतांशी उधाणाने. आता तर अरबी समुद्रही तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांना असे आढळले, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये तेथील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली, तर उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धनकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. एकेक पोफळ पुन्हा फळाला यायला किती वर्षे लागतात, हे कोकणच्या माणसाला सांगायला नको.

पुढल्याच वर्षी, १६ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' गोव्याच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. आमच्या दारातला आंबा मुळासकट उपटला गेला, वीज दोन दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी दूरध्वनी वाजला तो हैदराबादेहून. बहीण विचारीत होती, "आई, घराची कौले शाबूत आहेत ना?" मातोश्रींनी नेहमीचा प्रश्न त्या दिवशी विचारला नाही. त्या म्हणाल्या, "कौले आहेत. आंबा गेला."