उपनगराचं वय

मुलुंड पूर्वेला सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या अनेक चार मजली सोसायट्यांना लिफ्ट नाही. तेव्हा ती कुणाला लागतही नव्हती. बँकेत, रेल्वेत, लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत नोकरी करणारी तिशीतली जोडपी कर्ज काढून इथे राहायला आली आणि मुलाला कडेवर घेऊन चौथा मजला चढू लागली. आज तीच माणसं पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत आणि जिना तोच आहे. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये दर वळणावर एक खुर्ची ठेवलेली असते, दम खायला. एका वयाची माणसं एकाच वेळी राहायला आली की म्हातारीही बरोबरच होतात. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कितीतरी गल्ल्यांत सध्या हेच चाललंय.

मी प्राथमिक शिक्षिका होते, त्यामुळे 1991, 2001 आणि 2011 या तिन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरले. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतचा हा जिल्हा 1990 मध्ये वेगळा झाला. 2011 ला त्याची लोकसंख्या 93 लाखांच्या वर गेली, तरी दहा वर्षांतली वाढ जेमतेम आठ टक्के होती. त्याच काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि ठाणे जिल्ह्याची 36 टक्क्यांनी वाढली. या आकड्यांमागे लग्न ठरलेली मुलं आहेत. मुलुंड-बोरिवलीत जागा परवडत नाही, म्हणून ती डोंबिवली, बदलापूर, विरारला संसार मांडतात. नातवंडं तिकडे जन्मतात, आजी-आजोबा इकडे राहतात.

मुळात जन्मच कमी झालेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 1992-93 च्या फेरीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी 2.9 मुलं होती. 2019-21 च्या फेरीत ती 1.7 झाली. पिढीची जागा पिढीने भरून निघायला साधारण 2.1 लागतात. मराठी शाळांच्या तुकड्या बंद पडल्या की आपण सगळा दोष इंग्रजी माध्यमाला देतो. तो आहेच, पण वर्गात बसायला मुलंही पूर्वीइतकी उरलेली नाहीत.

मग जिल्हा म्हातारा का दिसत नाही? कारण इथे रोज तरुण माणूस येतो. कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून कामासाठी येणारे बहुतेक विशी-तिशीतले पुरुष. 2011 ला या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 860 स्त्रिया होत्या, त्याचं मोठं कारण हेच. शिवाय पूर्वी चाळीतला माणूस रिटायर झाला की खोली विकून गावी जायचा. त्याचं म्हातारपण रत्नागिरी-साताऱ्याच्या खात्यावर पडायचं. ओनरशिपचा फ्लॅट घेतलेला माणूस जात नाही. त्याचे डॉक्टर इथे, पेन्शनची बँक इथे आणि गावचं घर भावकीत अडकलेलं. म्हणजे एकाच वॉर्डात कामासाठी आलेल्यांची टेकडीवरची वस्ती तरुण आणि स्टेशनजवळची सोसायटी वयस्क. दोघांची मिळून सरासरी काढली की दोन्हीकडची गरज झाकली जाते. जिल्ह्याची सरासरी पाहून अंगणवाड्या आणि दवाखाने आखणं चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयाची नोंद होते कशी, तेही सांगते. 2011 ला भांडुपच्या टेकडीवर एका आजींना वय विचारलं. "लिहा ना बाई, साठ." साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडेच पुष्कळदा सांगितले जातात. अशा वेळी आठवणीतल्या मोठ्या घटनेचा आधार घ्यायचा असतो. आजी पाटण तालुक्यातल्या, म्हणून कोयनेच्या भूकंपाचं विचारलं. "घर पडलं तेव्हा तिसरा पाळण्यात होता की!" भूकंप डिसेंबर 1967 चा. लग्न सोळाव्या वर्षी, थोरला त्यानंतर दोन वर्षांनी, मग मधली मुलगी. हिशेब सहासष्टवर आला. आजी म्हणाल्या, "एवढी झाले होय मी?" आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

सोसायट्यांमध्ये अडचण वेगळी. एका काकांनी अमेरिकेतल्या मुलाचं, सुनेचं आणि नातीचं नाव आग्रहाने सांगितलं. गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नाही त्याला मोजायचं नसतं. मी तसं म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं, दोघंच लिहा." त्या मजल्यावर तीन दारं होती आणि तिन्ही घरांत मी दोघं-दोघंच लिहिली.

2011 ला राज्यात साठीच्या पुढची माणसं सुमारे दहा टक्के होती, देशाच्या सरासरीहून जास्त. त्यानंतर मोजणीच झालेली नाही. दीड दशकापूर्वीच्या वयांवर आज शाळा, दवाखाने, बसथांबे आणि फुटपाथ यांचं नियोजन चाललंय. आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून नवी जनगणना होणार आहे. प्रगणक दारात आले की त्यांना आत बसवा, घाईघाईने वाटेला लावू नका. आजीचं वय अंदाजाने सांगू नका, तिलाच बोलू द्या. भाड्याने राहणाऱ्या मुलांची, घरकामासाठी घरीच राहणाऱ्या मुलीची नोंद वगळू नका. आणि आकडे प्रसिद्ध झाले की आपल्या नगरसेवकाला आपल्या वॉर्डातली वयोगटवार संख्या विचारा. जिल्ह्याची सरासरी सांगून त्याने वेळ मारून नेली, तर पुन्हा विचारा.