सांडपाण्यावर फुललेलं काचघर

नोव्हेंबर 2007. जॉर्जियाचे गव्हर्नर सनी पर्ड्यू अटलांटातल्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि जमलेल्या लोकांसह त्यांनी पावसासाठी प्रार्थना केली. शहराला पाणी पुरवणारा लेनियर जलाशय आटत चालला होता आणि अमेरिकेतल्या एका श्रीमंत राज्याने चक्क देव पाण्यात ठेवले होते! तेही वर्षाला सरासरी 50 इंच पाऊस पडणाऱ्या शहरात. त्यातच चॅटाहूची नदीच्या पाण्यावरून जॉर्जियाचं अलाबामा आणि फ्लोरिडाशी जुनं भांडण होतं. फ्लोरिडाचा दावा तर सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये फेटाळला, तेव्हा कुठे निकाली निघाला.

एमरी विद्यापीठ याच शहरातलं. कोका-कोलावाले एसा कँडलर यांच्या देणगीवर ते अटलांटात उभं राहिलं. बाटलीतल्या गोड पाण्याच्या पैशावर वाढलेल्या या विद्यापीठाने 2015 मध्ये गटाराच्या पाण्याकडे मोर्चा वळवला, हा योगायोग मजेशीरच म्हणायचा.

त्या प्रकल्पाचं नाव ‘वॉटरहब’. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं ते एक काचघर, आत गच्च वाढलेली हिरवी झाडं. आवारातून जाणाऱ्या सांडपाण्याच्या मुख्य वाहिनीतून मैलापाणी इथे खेचलं जातं. चाळणीत अडकलेला गाळ परत गटारात जातो. उरलेलं पाणी टाक्यांमधून फिरतं आणि तिथे सूक्ष्मजंतू त्यातली घाण खातात. झाडांची मुळं आणि त्यांच्याखाली सोडलेलं जाळीदार कापड ही या जंतूंची घरं. म्हणजे झाडं शोभेची नाहीत, कामाला लावलेली आहेत. शेवटी गाळणी आणि अतिनील किरणांचा मारा होतो, की पाणी वापराला तयार. जवळच मोकळ्या जागेत, पाणथळीच्या धर्तीवर, याच कामाचा दुसरा भाग चालतो.

दिवसाला सुमारे 15 लाख लिटर ही या प्रकल्पाची क्षमता. विद्यापीठाची जवळपास 40 टक्के गरज त्यातून भागू शकते.

हे पाणी कुणी पीत नाही. इमारती गार ठेवणारे कूलिंग टॉवर, वाफेचे बॉयलर आणि काही वसतिगृहांतले फ्लश एवढ्यासाठीच ते वापरतात. कूलिंग टॉवरमधलं पाणी वाफ होऊन उडून जातं, त्यामुळे तिथे रोज नवी भर घालावीच लागते. पिण्याचं पाणी असं हवेत सोडणं ही खरी उधळपट्टी होती. एमरीचा शहाणपणा मला इथे दिसतो. आधी कोणत्या कामाला कसलं पाणी पुरेल ते ठरवलं आणि शुद्धीकरण तेवढंच केलं.

पावसाचं पाणीही वाया जात नाही. काही वसतिगृहांच्या छपरांवरचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवून फ्लशला वापरलं जातं. एका संशोधन इमारतीत वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारं पाणी गोळा करून कूलिंग टॉवरला देतात. अटलांटात पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, म्हणून टाकी रिकामी होते न होते तोच पुन्हा भरते. पुण्यात तसं जमणार नाही. चार महिन्यांच्या पावसावर आठ महिने काढायचे तर टाकी अवाढव्य हवी, किंवा पाणी सरळ जमिनीत मुरवायला हवं. सांडपाण्याचं तसं नाही. वसतिगृह भरलेलं असेल तोवर तो ओढा मे महिन्यातही वाहतो.

आता पैशाची गोष्ट. उभारणीचं भांडवल विद्यापीठाने घातलेलं नाही. ‘सस्टेनेबल वॉटर’ या कंपनीने प्रकल्प बांधला आणि एमरीने तिच्याकडून दीर्घ मुदतीसाठी पाणी विकत घेण्याचा करार केला. दर नळाच्या पाण्यापेक्षा कमी. पाणी नीट शुद्ध झालं नाही तर विकताच येणार नाही, त्यामुळे यंत्रणा चालू ठेवणं ही कंपनीचीच गरज झाली. उद्घाटनानंतर बंद पडणारे सांडपाणी प्रकल्प ज्यांच्या आवारात आहेत, त्यांनी एमरीचं काचघर नंतर पाहावं. आधी तो करार वाचावा.