गिटार झीनतच्या हाती, बोटं भूपिंदरची

सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे १९७३ पासून पुण्यात दूरदर्शन दिसू लागलं. येरवड्यात आमच्या शेजाऱ्यांच्या खोलीत 'छायागीत' या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाला अख्खी चाळ जमायची. 'यादों की बारात'मधली गिटार झीनत अमानच्या हाती दिसे. वाजवलेली मात्र भूपिंदर सिंग यांनी. 'दम मारो दम'मधली गिटारही त्यांचीच. पडद्यावर वादकांची नावं क्वचितच येत, हा अन्यायच होता.

पुढे गझलगायक म्हणून ते स्वतः गिटार घेऊन टीव्हीवर दिसू लागले. मी फक्त बोटं पाहायचो. गिटारीवर सतारीइतकी लांब मींड निघत नाही. तार बोटानं ढकलली की सूर थोडाच चढतो. तेवढ्यात ते गझलेचा भाव सांभाळत, आणि शब्द सुरू झाला की तारा जवळजवळ गप्प करत.