खोटे निवाडे, खरा दंड

वकिलीतले बरेचसे काम युक्तिवादाचे नसून कागद चाळण्याचे असते. अमेरिकेतील मोठ्या दाव्यांत लाखो ईमेलमधून कामाचे तेवढे वेगळे काढावे लागतात. ही छाननी यंत्राकडून करून घेण्यास न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने २०१२ मध्येच मान्यता दिली. वकील नमुन्याच्या कागदांवर शेरे मारतो, त्यावरून सॉफ्टवेअर उरलेल्यांची प्रतवारी लावते.

चॅटजीपीटीसारख्या प्रणालींची रीत निराळी. मुळात त्या निवाडे शोधत नाहीत, तर आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द जुळवतात. न्यायालयीन भाषा साचेबंद. त्यामुळे पक्षकारांची नावे आणि पृष्ठक्रमांक यांसह रचलेला काल्पनिक निवाडाही अस्सल वाटतो. एव्हिआन्का विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात नेमके हेच घडले. विमानातील ट्रॉली गुडघ्याला लागल्याची तक्रार तशी साधीच. पण प्रवाशाच्या वकिलांनी दाखवलेले सहा निवाडे कुठेच सापडेनात. ते खरे आहेत का, याची विचारणा वकिलाने केली होती, पण चॅटजीपीटीकडेच! जून २०२३ मध्ये न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे भाषांतराचे साधन आणले. त्यातून इंग्रजी निकालांचा मराठीसह अनेक भाषांत कच्चा तर्जुमा मिळतो; तो तपासायला भाषांतरकार लागतोच. केरळ उच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या धोरणानुसार जिल्हा न्यायालयांना निष्कर्ष काढण्यासाठी वा निकाल देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता येत नाही. इतर कामांसाठी मंजूर साधने चालतात, मात्र प्रत्येक वापराची नोंद ठेवावी लागते.