मोटारसायकल टेम्पोतून पाठवताना

नोकरीचं पत्र आलं की आपल्या इंदूरच्या घरांतली मुलं पुण्याला निघतात, आणि मागोमाग घरसामानाबरोबर त्यांची मोटारसायकलही छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये चढते. प्रवास सहाशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत सेंधव्याजवळचा बिजासन घाट. भरणारा माणूस दोन दोऱ्या आवळतो, "हो जाएगा साब" म्हणतो, आणि गाडी साइड स्टँडवर कललेली तशीच निघते.

हे करू देऊ नका. चालत्या टेम्पोत प्रत्येक खड्ड्याला गाडीचा भार त्या एका दांडीवर आदळतो. साध्या स्प्लेंडरचंही वजन ११० किलोच्या वर असतं, बुलेट तर दोनशेच्या घरात. मेन स्टँडही कामाचा नाही. जोरात ब्रेक लागला की गाडी पुढे सरते आणि स्टँडवरून उतरते. गाडी आपल्या दोन चाकांवर सरळ उभी हवी. तिला धरून ठेवणं हे पट्ट्यांचं काम.

पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा, मध्ये जुना टायर ठेवा. हँडल सरळ. आता दोन पट्टे पुढच्या फोर्कला, हँडलच्या खाली जिथे दोन्ही नळ्या एकत्र पकडलेल्या असतात तिथे अडकवा आणि डाव्या-उजव्या बाजूला, थोडे पुढे, तिरके खाली ओढून हौद्याच्या कड्यांत घाला. हँडलच्या मुठींना बांधू नये, तिथल्या केबल चेपतात. एकाने गाडीवर बसून पुढचा भाग दाबावा, दुसऱ्याने पट्टे आळीपाळीने आवळावेत. पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबले की थांबा.

हे निम्मे दबणं फार महत्त्वाचं. दबलेली स्प्रिंग सतत वर रेटते, म्हणून पट्टा ताठ राहतो. शॉकअप न दाबता कितीही घट्ट बांधलं, तरी पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ते खाली बसतात, पट्टा सैल पडतो, हुक निसटतो आणि मग गाडी शेजारच्या फ्रिजवर. पूर्ण दाबलं तर धक्का खायला जागाच उरत नाही, शिवाय ऑइल सील फुटायची भीती.

मागे दोन पट्टे पुरतात, चेसिसला किंवा मागच्या मजबूत पकडीला. ते फक्त मागचं चाक बाजूला उडू नये म्हणून. सायलेन्सर किंवा इंडिकेटरला नकोत. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

आणि दोरी? नायलॉनची ताणते, गाठ सरकते. खटक्याचे, म्हणजे रॅचेटचे, चार पट्टे विकत घ्या. सोसायटीत पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला लागतीलच. रंगाला जिथे घासतील तिथे जुन्या धोतराची घडी घाला.

पेट्रोल अगदी थोडंच ठेवा. रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर टेम्पो थांबवून पट्टे पुन्हा आवळायला सांगा, घाटाआधी आणखी एकदा. चालक सहसा कुरकुरतो, पण ऐकतो.

कागदांचंही पाहा. आरसी आणि विम्याच्या प्रती चालकाजवळ द्या. गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी इंदूरच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते गाडी इथे असतानाच काढून घ्या.